आवर्तसारणीत गुणधर्म नेमके कुठे आले?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावीच्या पुस्तकात मूलद्रव्यं आधी अणुवस्तुमानाच्या आणि नंतर अणुअंकाच्या चढत्या क्रमाने मांडली असं दिलंय. मग त्यांचं ‘गुणधर्मांनुसार वर्गीकरण’ झालं म्हणजे काय झालं? गुणधर्म कोणते धरले? आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायला मेंडेलीव्हच कशाला हवा होता? आणि हायड्रोजनच्या जागेचा घोळ अजून का मिटत नाही?

अकार्बनी रसायन शिकवण्यात आणि क्षारांचं विश्लेषण करण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. हा प्रश्न वर्गात फार कमी मुलं विचारतात, पण खरं तर तो सगळ्यांना पडायला हवा. माझं उत्तर असं की १८६९ साली, मेंडेलीव्हने पहिली सारणी मांडली तेव्हा, अणुवस्तुमान हा हाती आलेला तयार आकडा नव्हताच. तराजूतून त्याचा एक भाग मिळायचा आणि बाकीचा मूलद्रव्याच्या रासायनिक वागण्यावरून ठरवावा लागायचा. म्हणजे रांग लावण्याआधीच गुणधर्म त्या आकड्यात शिरलेले होते. हे कसं, ते नीट उलगडून सांगतो.

आधी ‘गुणधर्म’ या शब्दाबद्दल. कोणताही गुणधर्म धरून वर्गीकरण करता येतं. ते कशासाठी करायचं आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. ज्यांनी कॉलेजात सॉल्ट ॲनालिसिस केलंय त्यांना आठवेल: द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, मग किप उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड सोडा, मग अमोनिया. जे जिथे खाली बसेल तो त्याचा गट. एकोणिसाव्या शतकात फ्रेसेनियस यांनी ही पद्धत रुळवली आणि आजही ती उत्तम चालते. पण तिच्या दुसऱ्या गटात तांबं, कॅडमिअम, बिस्मथ, आर्सेनिक, कथिल असे वेगवेगळ्या कुळांतले सगळे एकत्र बसतात. शिसं तर पहिल्या गटातही येतं आणि दुसऱ्यातही. त्यांची सल्फाइडं सौम्य आम्लात विरघळत नाहीत एवढंच त्यांच्यात समान. नमुन्यात काय आहे हे ओळखायला हा गुणधर्म पुरतो, कुळ ओळखायला पुरत नाही.

लाव्हाझिएने १७८९ मध्ये ३३ ‘साध्या पदार्थांची’ यादी केली. तिच्यात प्रकाश आणि उष्णताही होती, आणि चुना, मॅग्नेशिया, सिलिका अशी ज्यांचं विघटन तेव्हा जमलं नव्हतं ती ऑक्साइडंही होती. तरी तिच्यातली एक दृष्टी टिकली: धातू आणि अधातू वेगळे करताना त्याने चकाकी किंवा कठीणपणा पाहिला नाही, ऑक्सिजनशी संयोग झाल्यावर काय तयार होतं ते पाहिलं. मूलद्रव्याची ओळख त्याच्या संयुगांत शोधायची, ही पुढच्या शंभर वर्षांची दिशा ठरली.

डोबेरायनरची त्रिकं (१८२९) पुस्तकात असतात, म्हणून भरभर पुढे जातो. लिथिअम ७, सोडिअम २३, पोटॅशिअम ३९. मधला आकडा बाजूच्या दोघांची सरासरी. क्लोरीन ३५.५ आणि आयोडीन १२७, सरासरी सुमारे ८१, ब्रोमीन ८०. येना शहरातल्या या प्राध्यापकाने कुळं आधी रसायनावरून ओळखली आणि आकड्यांतलं नातं त्यानंतर पाहिलं, हा क्रम लक्षात ठेवा. त्रिकं पुढे का सरकली नाहीत, याचं पुस्तकी कारण ‘सर्व मूलद्रव्यांना लागू पडेनात’ असं दिलेलं असतं. ते बरोबर आहे, पण त्याच्या मागे आणखी एक मोठं कारण आहे: आकड्यांवर कुणाचंच एकमत नव्हतं.

इथे थोडं थांबू, कारण सगळी गोष्ट इथेच आहे.

तराजूने काय कळतं? ८ ग्रॅम ऑक्सिजनशी अमुक धातूचे किती ग्रॅम संयोग पावतात, एवढंच. याला सममूल्यभार म्हणतात आणि तो त्या काळातले चांगले विश्लेषक फार नेमका काढत. पण त्यावरून एका अणूचं वस्तुमान काढायचं तर ऑक्साइडात धातूचे किती अणू आणि ऑक्सिजनचे किती, हे माहीत हवं. अणू तेव्हा कुणी पाहिलेला नव्हता. पाण्यात हायड्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक असं धरलं तर ऑक्सिजन ८ होतो. हायड्रोजनचे दोन धरले तर १६. दोन्ही प्रकारे लिहिणारे रसायनशास्त्रज्ञ एकाच काळात होते. केकुले यांनी १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसेटिक आम्लाची प्रचलित अशी १९ सूत्रं छापली आहेत! अशा परिस्थितीत आकड्यांची रांग लावायची म्हणजे कोणाच्या आकड्यांची?

हा गुंता सोडवण्यासाठी ३ सप्टेंबर १८६० पासून तीन दिवस कार्ल्सरूह इथे युरोपभरचे शंभराहून अधिक रसायनशास्त्रज्ञ जमले. ठराव वगैरे काही झाला नाही. पण इटलीच्या कानिझ्झारो यांनी ॲव्होगाड्रोचा १८११ चा, जवळपास विस्मृतीत गेलेला विचार वापरून वायूंच्या घनतेवरून रेणुवस्तुमान आणि त्यावरून अणुवस्तुमान कसं पक्कं करायचं, हे स्पष्ट मांडलं. निघताना त्यांची पुस्तिका वाटली गेली. ती वाचून डोळ्यांवरचं झापड गळून पडलं, असं लोथार मायर यांनी पुढे लिहिलं. त्या सभेला २६ वर्षांचा मेंडेलीव्हही हजर होता. पुढच्या नऊ वर्षांत अर्धा डझन लोकांनी एकमेकांशी संबंध न ठेवता आवर्तन, म्हणजे रांगेत ठरावीक अंतराने तेच गुणधर्म पुन्हा येणं, शोधलं, यात मला नवल वाटत नाही. आकडे दुरुस्त झाले आणि कुळं आपोआप रांगेत दिसू लागली.

त्या अर्ध्या डझनांत फ्रेंच भूवैज्ञानिक द शांकूर्त्वा (१८६२), इंग्लंडचे न्यूलँड्स आणि ऑडलिंग, जर्मनीचे लोथार मायर हे प्रमुख. न्यूलँड्स यांनी १८६६ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत अष्टकं (दर आठव्या मूलद्रव्याला गुणधर्म पुन्हा येतात हा विचार) मांडली, तेव्हा ‘मूलद्रव्यं अकारविल्हे लावून पाहिलीत का?’ असं त्यांना विचारण्यात आलं. हा प्रसंग हसून सांगितला जातो, पण त्या प्रश्नामागची शंका रास्त होती. न्यूलँड्स यांनी रांग एवढी कडक पाळली की कोबाल्ट आणि निकेल क्लोरीनच्या कुळात जाऊन बसले. क्रम सांभाळताना रसायन सुटलं. तरी १८८७ मध्ये त्यांना डेव्ही पदक मिळालं ते योग्यच झालं. मायर यांना पुस्तकांत मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी, असं माझं मत आहे. १८६४ च्या त्यांच्या तक्त्यात २८ मूलद्रव्यं संयुजेनुसार (एक अणू हायड्रोजनच्या किती अणूंशी जोडला जाऊ शकतो त्या संख्येनुसार) स्तंभांत लावलेली आहेत, आणि १८७० चा त्यांचा अणुआकारमानाचा आलेख पाहिला की आवर्तन एका नजरेत पटतं.

आता मेंडेलीव्ह. तो पीटर्सबर्गमध्ये विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होता. हॅलोजन झाले, अल्क धातू झाले, पुढे कोणतं कुळ घ्यायचं? प्रकरणांचा क्रम लावण्याच्या या अडचणीतून १७ फेब्रुवारी १८६९ (आजच्या पंचांगाप्रमाणे १ मार्च) रोजी त्याचा पहिला तक्ता तयार झाला. स्वप्नात सारणी दिसल्याची कथा प्रसिद्ध आहे, पण इतिहासकार तिला फारसं महत्त्व देत नाहीत आणि मीही विद्यार्थ्यांना ती सांगत नाही. त्याआधीची कैक वर्षांची पाठ्यपुस्तकाची मेहनत त्या कथेत नाहीशी होते.

पहिला तक्ता चुकांपासून मुक्त नव्हता. त्यात युरेनिअम ११६ म्हणून कॅडमिअमजवळ आहे आणि इंडिअम ७५.६ म्हणून प्रश्नचिन्हासह कडेला टाकलेलं आहे. १८७१ च्या लेखात मात्र मेंडेलीव्हचा हात बसलेला दिसतो. तुमच्या ‘कोणते गुणधर्म?’ या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतं: सर्वांत वरचं ऑक्साइड (ज्यात ऑक्सिजन सर्वांत जास्त) आणि हायड्राइड यांची सूत्रं, ऑक्साइड आम्लधर्मी की आम्लारिधर्मी, क्लोराइड किती बाष्पनशील, आणि क्षारांच्या स्फटिकांचा आकार. रंग, चव, कठीणपणा यांना दुय्यम स्थान. सोडिअम मऊ आहे म्हणून तो शिशाजवळ जात नाही.

स्फटिकांबद्दल एक प्रयोग सांगतो, जमल्यास करून पाहा. क्रोम तुरटीचा जांभळा स्फटिक दोऱ्याने बांधून साध्या तुरटीच्या संपृक्त द्रावणात सोडा. काही दिवसांत जांभळ्या गाभ्याभोवती पारदर्शक तुरटीचं कवच चढतं, कोन आणि कडा न बिघडवता. ॲल्युमिनिअमची जागा क्रोमिअम बिनतक्रार घेतं, कारण दोघांची संयुजा तीन आणि आकारही जवळचा. मिट्शरलिख यांनी १८१९ मध्ये हे समाकृतित्व दाखवलं आणि तेव्हापासून अज्ञात सूत्र ओळखण्याचं ते एक विश्वासू साधन झालं.

आता इंडिअमचं उदाहरण पूर्ण करू. १८६३ मध्ये फ्रायबर्गला जस्ताच्या खनिजात हा धातू सापडला. ८ ग्रॅम ऑक्सिजनशी त्याचे ३७.८ ग्रॅम संयोग पावतात, हे तराजूचं सांगणं. जस्ताबरोबर सापडला म्हणून संयुजाही जस्तासारखी दोन धरली गेली. सममूल्यभाराला संयुजेने गुणलं की अणुवस्तुमान मिळतं, म्हणजे ते ७५.६. पण तिथे आर्सेनिक (७५) आणि सेलेनिअम (७९) शेजारी शेजारी पक्के बसलेले आहेत. त्यांच्यामध्ये एका धातूला जागाच नाही. मेंडेलीव्ह म्हणाला, संयुजा तीन धरा. ३७.८ गुणिले तीन, ११३.४. आता तो कॅडमिअम (११२) आणि कथिल (११८) यांच्यामध्ये, ॲल्युमिनिअमच्या कुळात अलगद बसतो. लगेच पडताळाही मिळाला. विशिष्ट उष्मा आणि अणुवस्तुमान यांचा गुणाकार बहुतेक घन मूलद्रव्यांसाठी सहाच्या आसपास येतो, हा ड्यूलाँ आणि पेटी यांचा १८१९ चा नियम. बुन्सेन यांनी इंडिअमचा विशिष्ट उष्मा ०.०५७ मोजला. ११३ ने गुणल्यास ६.४, ७५.६ ने गुणल्यास जेमतेम ४.३. पुढे इंडिअमची तुरटीही बनली.

बेरिलिअमची कहाणी याहून अवघड आहे आणि मला ती अधिक मोलाची वाटते. त्याचा सममूल्यभार सुमारे ४.७. संयुजा तीन धरली तर अणुवस्तुमान १४, दोन धरली तर ९.४. बेर्झेलिअस यांच्यापासून बहुतेकांचा कल तीनकडे, कारण त्याचं ऑक्साइड अल्युमिनासारखं वागतं. रशियाच्या अवदेयेव यांनी १८४२ मध्ये दोनची बाजू मांडली होती. मेंडेलीव्हने ती उचलली, कारण १४ वर नायट्रोजन बसलेला होता आणि लिथिअम व बोरॉन यांच्यामधली जागा रिकामी होती. पण इथे ड्यूलाँ-पेटींचा नियम त्याच्या विरुद्ध गेला! निल्सन आणि पेटरसन या स्वीडिश जोडीने विशिष्ट उष्मा मोजला आणि आकडा १४ च्या बाजूने झुकला. कित्येक वर्षं वाद चालला. अखेर १८८४ मध्ये याच दोघांनी बेरिलिअम क्लोराइडच्या बाष्पाची घनता मोजली. रेणुवस्तुमान ८० च्या आसपास आलं, १२० च्या नाही. म्हणजे संयुजा दोन. आपल्याच आधीच्या निष्कर्षाविरुद्धचा पुरावा त्यांनी स्वतः छापला, आणि यातले निल्सन म्हणजेच स्कँडिअमचे संशोधक. हलक्या आणि घट्ट बांधलेल्या अणूंचा विशिष्ट उष्मा साध्या तापमानाला कमी का भरतो, हे १९०७ मध्ये आइन्स्टाइन यांनी समजावल्यावर त्या नियमाचा अपवादही उलगडला.

तेव्हा आकडे लावायला हुशारी कशाला, तर कोणत्या पुराव्यावर किती विसंबायचं हे ठरवायला. टेल्युरिअम (१२८) आणि आयोडीन (१२७) यांच्या बाबतीत मेंडेलीव्हने आकड्याचा क्रम मोडला, कारण टेल्युरिअमची संयुगं सेलेनिअमसारखी आणि आयोडीनची ब्रोमीनसारखी, यात शंकेला वावच नव्हता. टेल्युरिअमचं वस्तुमान चुकीचं मोजलं गेलंय, हा त्याचा खुलासा मात्र चुकला. आकडा बरोबर होता आणि जागाही बरोबर होती.

रिकाम्या जागांसाठी मेंडेलीव्हने केलेल्या भाकितांबद्दल तुम्ही वाचलेलंच असेल: एका-ॲल्युमिनिअम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. ‘एका’ म्हणजे आपला संस्कृतातला ‘एक’, त्या कुळातली एक जागा पुढे. ती अनुक्रमे गॅलिअम (१८७५), स्कँडिअम (१८७९) आणि जर्मेनिअम (१८८६) या रूपांत सापडली. गॅलिअमची घनता लेकॉक द ब्वाबोद्रां यांनी ४.७ सांगितली, नमुना शुद्ध नसावा, ती ५.९ च्या आसपास यायला हवी, असं मेंडेलीव्हने धातू डोळ्यांनी न पाहता कळवलं. शुद्ध करून मोजल्यावर ५.९ आली. गॅलिअमची तुरटी बनेल हेही त्याने आधीच लिहून ठेवलं होतं. त्याची सगळीच भाकितं खरी ठरली असं नाही. म्हातारपणी त्याने हायड्रोजनहून हलकी मूलद्रव्यं कल्पिली, ती कधी सापडली नाहीत.

संयोगावरून कुळ ठरवायचं, तर जो संयोगच पावत नाही त्याचं काय? हा पेच १८९४ मध्ये रॅली आणि रॅम्झी यांनी ऑरगॉन शोधला तेव्हा आला. हवेतून काढलेला नायट्रोजन रासायनिक रीतीने केलेल्या नायट्रोजनपेक्षा अर्ध्या टक्क्याने जड भरतो, एवढ्या बारीक फरकातून तो वायू हाती लागला. मेंडेलीव्हला प्रथम ते तीन अणूंचं नायट्रोजन वाटलं. पण त्या वायूतल्या ध्वनीच्या वेगावरून त्याच्या रेणूत एकच अणू असल्याचं दिसत होतं. पुढच्याच वर्षी हेलिअम पृथ्वीवर सापडला, १८९८ मध्ये रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांनी निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन मिळवले, आणि शून्य संयुजेचा सबंध नवा स्तंभ हॅलोजन आणि अल्क धातू यांच्यामध्ये बसला. बाकी कुणालाही जागा सोडावी लागली नाही. हेच ट्रॅव्हर्स पुढे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले संचालक झाले.

हेलिअमचं नाव निघालंच आहे तर एक खुलासा. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलिअम शोधला, असं आपल्याकडे वारंवार छापून येतं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलं हे खरं, आणि विजयदुर्गाबद्दल मलाही प्रेम आहे. पण लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचा वर्णपट २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, तिथूनच घेतला. ग्रहणाचं गाजलेलं निरीक्षण जॉन्सेन यांचं, आणि ते गुंटूरचं.

ऑरगॉन (३९.९) पोटॅशिअमपेक्षा (३९.१) जड निघाल्याने क्रम मोडण्याचं आणखी एक उदाहरण झालं. याचा निकाल मोझली यांनी १९१३-१४ मध्ये लावला. मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या वारंवारतेचं वर्गमूळ एकेका जागेगणिक सारख्या पायरीने वाढतं, असं त्यांना दिसलं. जागेचा हा क्रमांक म्हणजेच अणुअंक: कोबाल्ट २७, निकेल २८, जरी निकेलचं वस्तुमान किंचित कमी असलं तरी. रसायनशास्त्रज्ञांनी गुणधर्म पाहून जो क्रम ठेवला होता, त्याच्या बाजूने यंत्राने कौल दिला. मोझली १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले. वय २७. इतक्या वर्षांनंतरही हे वाचताना मन विषण्ण होतं.

अणुअंक आल्यावर गुणधर्मांचं काम संपलं असं समजू नका. अणुअंकाने रांगेतला क्रमांक मिळतो. कुळ मात्र वेगळं ठरवावं लागतं. ७२ क्रमांक रिकामा आहे हे मोझलींच्या मोजमापांतून दिसलं. ते विरळ मृदा मूलद्रव्य (लँथॅनाइडांपैकी, बहुधा तीन संयुजेचं) असणार म्हणून लोक त्या खनिजांत शोधत राहिले. बोर यांनी इलेक्ट्रॉन संरूपणावरून सांगितलं की ते झिरकोनिअमसारखं, चार संयुजेचं असेल. कॉस्टर आणि हेवेशी यांनी झिरकोनिअमच्या खनिजात पाहिलं आणि १९२३ मध्ये हाफ्निअम जाहीर केलं.

उलट दिशेचं उदाहरणही सांगायला हवं. युरेनिअमचं वस्तुमान दुप्पट करून मेंडेलीव्हने त्याला क्रोमिअम, मॉलिब्डेनम, टंगस्टन यांच्या कुळात घातलं, कारण वरच्या ऑक्साइडांची सूत्रं जुळत होती. वस्तुमान बरोबर निघालं, पण कुळ चुकलं, आणि ही चूक सत्तरहून अधिक वर्षं टिकली. १९४४ मध्ये सीबोर्ग ९५ आणि ९६ क्रमांकांची मूलद्रव्यं शोधत असताना अपेक्षित रासायनिक पद्धतींनी ती हाती लागेनात. मग त्यांनी ही सगळी लँथॅनाइडांसारखी तीन संयुजेची एक स्वतंत्र ओळ आहे असं धरून पाहिलं, आणि अमेरिसिअम व क्युरिअम मिळाली. सारणीखालची ॲक्टिनाइडांची वेगळी पट्टी तेव्हापासूनची. एका जुळणाऱ्या सूत्रावरून कुळ ठरवू नये, अनेक संयुगं पाहावीत, हे मी विद्यार्थ्यांना याच उदाहरणाने सांगत आलो.

राहिला हायड्रोजन. हायड्रोजन क्लोराइड आणि सोडिअम क्लोराइड यांची सूत्रं एकाच साच्यातली, बाह्यतम कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, म्हणून तो पहिल्या गणात दाखवतात. पण एक मोल अणूंतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला हायड्रोजनला १३१२ किलोज्यूल लागतात, सोडिअमला ४९६ आणि क्लोरीनला १२५१. या बाबतीत तो क्लोरीनच्या शेजारचा. दोन अणूंचा वायुरूप रेणू हेही हॅलोजनांसारखंच. शिवाय लिथिअम हायड्राइड वितळवून त्यातून वीज सोडली तर हायड्रोजन धनाग्रापाशी निघतो, जसा वितळलेल्या मिठातून क्लोरीन निघतो. दोन्ही बाजूंचा पुरावा पक्का आहे. म्हणून काही तक्ते त्याला लिथिअमच्या डोक्यावर ठेवतात, काही दोन ठिकाणी दाखवतात आणि काही मधोमध स्वतंत्र चौकोन देतात. परीक्षेत ‘हायड्रोजनचे स्थान’ असा प्रश्न आला तर दोन्हीकडची संयुगं सूत्रांसह लिहा.